बांच्या चौविहाराला जमेल असे जहाज

कल्याण हे एके काळी बंदर होते, ही गोष्ट आज लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला सांगितली तर तो हसेल. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत 'कल्लिएना' या नावाने या बाजारपेठेची नोंद आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. पुढे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची उभारणी याच खाडीत सुरू झाली. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोचली आणि हळूहळू पेठेने खाडीकडे पाठ फिरवून स्टेशनाकडे तोंड केले. दुर्गाडी किल्ल्यावरून दिसणारी खाडी आता बहुतेकांना फक्त गणेशविसर्जनाच्या दिवशी आठवते.

याच पेठेत कापडाचे दुकान चालवणाऱ्या एका कुटुंबाने गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर समुद्रसहलीचा विचार केला. निमित्त बांच्या पंचाहत्तरीचे. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे आणि थोरल्या नातवाची पत्नी धरून अकरा माणसे. धाकट्या मुलाचे म्हणणे असे, की तीर्थयात्रा दरवर्षी होतात, लग्नांनाही सगळे भेटतात, पण तिथे प्रत्येक जण कामात असतो. जहाजावर गाडी पकडायची नाही, धर्मशाळा शोधायची नाही, सामान एकदा उघडले की उतरेपर्यंत बांधायचे नाही. वयस्कर माणूस आणि लहान मूल दोघांनाही सोसेल असा हा प्रवास आहे, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते.

मग याद्या झाल्या. नातवाला नॉर्वे हवे होते. जूनमध्ये तिथल्या उत्तर टोकाला सूर्य मावळतच नाही, हे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. बांनी शांतपणे विचारले, "मग चौविहाराचे पच्चक्खाण कधी घ्यायचे?" नॉर्वे तिथेच संपले.

दुसरा पर्याय सिंगापूरचा. तिथून निघणारे 'गेंटिंग ड्रीम' हे २०१६ मध्ये बांधलेले, सुमारे दीड लाख टनांचे भव्य जहाज आपल्याकडच्या अनेक कुटुंबांच्या परिचयाचे झाले आहे. तिथे वर्षभर सूर्यास्त सात वाजण्याच्या सुमारास होतो, त्यामुळे संध्याकाळचे जेवण घाईचे होत नाही. धाकट्याने दरपत्रक मागवले. व्यापारी घरात दरपत्रक आले की ते उलटेसुलटे वाचले जाते, तसे तेही वाचले गेले. जाहिरातीतल्या भाड्यावर बंदरशुल्क, कर आणि दररोज माणशी घेतले जाणारे सेवाशुल्क चढले, विमानभाडे आले, व्हिसा आला. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएसही वसूल होतो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो हे खरे, पण तोवर रक्कम अडकून राहते, आणि अडकलेल्या रकमेचे मोल दुकानदाराला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही हिशेब जमला. आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवशी भरायची ठरली.

त्या रात्री जेवणानंतर थोरल्या सुनेने सहज विषय काढला आणि बा म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. माझे दिशापरिमाण आहे."

बारा वर्षांपूर्वी त्यांनी व्रत घेतले होते, भारताबाहेर पाऊल ठेवायचे नाही. घरात हे कोणाला माहीत नव्हते, कारण तशी वेळच आली नव्हती. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. घराची किल्ली आपल्याकडे राहील, एवढेच त्या म्हणाल्या. ज्यांच्या पंचाहत्तरीसाठी सहल, त्यांनीच घर राखायचे, हे मोटाभाईंना मानवणारे नव्हते. धाकटा मात्र गप्प झाला. पंधरा दिवस त्याने या सहलीवर घालवले होते. घरात दोन दिवस कोणी जहाजाचे नाव काढले नाही.

तिसऱ्या दिवशी नव्याने मांडणी झाली, आणि या वेळी सुरुवात जहाजापासून न करता माणसांपासून झाली. खरे तर प्रत्येक कुटुंबाने असेच करावे. आधी जहाज आवडते, मग त्यात माणसे बसवायची ओढाताण होते.

भारतातल्या भारतात फिरणारे जहाज म्हटले की मुंबईहून निघणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'द एम्प्रेस' समोर येते. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज पूर्वी 'रॉयल कॅरिबियन'च्या ताफ्यात होते. सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईहून सहली करू लागले. सिंगापूरच्या जहाजाच्या सुमारे एक तृतीयांश आकाराचे. नातवंडांना ते छोटे वाटले, पण बांच्या गुडघ्यांचा विचार करता लांबलचक मार्गिका नसणे हीच सोय होती. देशांतर्गत फेरी असल्याने पारपत्र लागत नाही, साधे ओळखपत्र पुरते. कंपनी जैन भोजनाची सोय असल्याचे सांगते. शिवाय कल्याणहून जलद लोकलने तासाभरात मुंबई, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीच्या अंतरावर.

लक्षद्वीप की गोवा, हा वाद थोडा रंगला. लक्षद्वीपचे पाणी निळे, छायाचित्रे सुंदर. पण तिथे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या नावेत उतरावे लागते. हलत्या नावेत पाऊल टाकणे पंचाहत्तरीच्या गुडघ्यांचे काम नव्हे. गोव्याला धक्क्यावरून चालत उतरता येते. नातवाने मध्येच शंका काढली, की किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे देशाची हद्द संपते, मग जहाज जरा आत गेले तर व्रताचे काय? बा म्हणाल्या, "अरे, समुद्रात पाऊल ठेवायला जमीन कुठे आहे?" तरीही पाठशाळेच्या बेनना त्यांनी स्वतः जाऊन विचारले. त्यांनी होकार दिल्यावरच त्यांच्या मनाचे समाधान झाले.

मग तारखा. कापडाच्या धंद्यात मे महिना लगनसराईचा. त्या दिवसांत दुकान सोडणे म्हणजे वर्षाची कमाई सोडणे. जूनपासून अरबी समुद्र खवळतो आणि पाठोपाठ चातुर्मास लागतो. दिवाळीची सुट्टी चातुर्मासातच येते. उरला डिसेंबर. कमुरता लागले की लग्ने थांबतात, दुकानात गिऱ्हाईक कमी होते आणि मुलांना नाताळची सुट्टीही असते. भाडे त्या आठवड्यात चढे असते, पण त्याला इलाज नव्हता.

डिसेंबरला आणखी एक कारण होते आणि ते सर्वांत मोठे ठरले. नातसुनेला दिवस गेले होते. बहुतेक जहाज कंपन्या गर्भारपणाचे चोवीस आठवडे झाल्यावर प्रवासाला घेत नाहीत आणि सहा महिन्यांखालील बाळालाही घेत नाहीत. डिसेंबरअखेर तिला विसावा आठवडा लागणार होता. म्हणजे आता गेले नाही तर बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत, जवळपास एक वर्ष, सगळ्यांनी एकत्र जाणे नाही. आणि पंचाहत्तरीच्या घरात 'पुढच्या वर्षी जाऊ' हे शब्द कोणी सहज उच्चारत नाही. डॉक्टरांनी लेखी प्रमाणपत्र दिले. ते मागितल्याशिवाय राहत नाहीत, म्हणून ते आधीच घेऊन ठेवावे.

म्हणून डिसेंबर ठरला, आणि खरी अडचण तिथेच उभी राहिली. मे महिन्यात मुंबईत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. नाताळच्या दिवसांत सहा वाजून पाच-सात मिनिटांनी. जहाजावर त्या वेळेला लोकांचा चहा चाललेला असतो, रात्रीच्या जेवणाची भांडीही मांडलेली नसतात. शिवाय जहाज सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांना सुरक्षा-कवायतीला हजर राहावे लागते. ती टाळता येत नाही. पहिल्याच संध्याकाळी ती नेमकी साडेपाचला आली तर बांना उपाशी राहावे लागणार. जाहिरातीत 'जैन भोजन' लिहिलेले असते, म्हणजे कांदा, बटाटा, कंदमुळे नाहीत. पण ते भोजन किती वाजता मिळेल, हे लिहिलेले नसते. जैन कुटुंबाने जहाज निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि तो बहुधा सर्वांत शेवटी, जहाजावर चढल्यावर विचारला जातो.

दुसरा प्रश्न उकाळलेल्या पाण्याचा. घरून विजेची किटली न्यायची असे सुनांनी ठरवले होते. आगीच्या भीतीमुळे बहुतेक जहाजांवर किटली, इस्त्री, धूप, दिवा यांतले काहीही खोलीत चालत नाही. हिवाळ्यात उकाळलेले पाणी चार प्रहर चालते. सकाळी एकदा पाणी मिळाले की चौविहारापर्यंत पुरते. तेव्हा मागणी मोठी नव्हती, फक्त ती वेळेवर स्वयंपाकघरापर्यंत पोचायला हवी होती. तिसरा प्रश्न, जैन पदार्थांचे झारे-पळ्या वेगळ्या असतात का आणि मांसाहाराच्या मांडणीपासून दूर बसता येते का.

मोटाभाईंनी हे सर्व एका पत्रात लिहून प्रवास-प्रतिनिधीला दिले आणि उत्तर लेखी येईपर्यंत रक्कम भरायची नाही असे बजावले. फोनवर "हो हो, सगळे होते" म्हणणाऱ्यावर विसंबू नये. तोंडी हो आणि लेखी हो यांत किती अंतर असते, हे उधारीवर माल दिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाच दिवस काही आले नाही. धाकट्याला खोल्या भरून जाण्याची काळजी. मोटाभाई हलले नाहीत. सहाव्या दिवशी उत्तर आले. तिन्ही दिवस सव्वापाचला अकरा थाळ्या मिळतील, उकाळलेले पाणी सकाळी खोलीवर येईल, बसण्याची जागा कोपऱ्यात देऊ. झाऱ्यांबद्दल उत्तर गोल होते. बांनी त्यावर आपला उपाय काढला. खाखरे आणि सुकी भाजी बंद पाकिटांत न्यायची, अशी परवानगी मागून घेतली. शंका आली तर तेवढ्यावर भागेल.

खोल्यांचा हिशेब मग सोपा होता. बांसाठी जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्याची खोली, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. लिफ्टजवळ, पण अगदी दाराशी नाही. स्नानगृहाचा उंबरा चढावा लागतो हे ध्यानात घेऊन शेजारच्या खोलीत थोरली सून. मुलांना खिडकी. गच्चीच्या महागड्या खोल्या कोणीच घेतल्या नाहीत. अकरा माणसे एकत्र बसणार वरच्या डेकवरच, मग प्रत्येकाला वेगळी गच्ची कशाला? रद्द केल्यास किती दिवस आधी किती रक्कम परत मिळेल, हेही मोटाभाईंनी पाहून घेतले. जुगाराचे दालन, नाचगाणी, मद्यालय या गोष्टी जहाजावर असणारच. तरुणांनी कुठे जायचे नाही हे घरी ठरले होते, त्याची चर्चा करावी लागली नाही.

निघण्याच्या दिवशी दुपारी सगळे बॅलार्ड पिअरला पोचले. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या इमारतीत बांना चाकांची खुर्ची मिळाली. आधी त्यांनी नको म्हटले, मग बसल्या. कवायत साडेचारला उरकली. सव्वापाचला कोपऱ्यातल्या टेबलाभोवती अकरा थाळ्या मांडलेल्या होत्या आणि काचेच्या बाटलीत कोमट पाणी. जेवण लवकर आटोपून बा वरच्या डेकवर गेल्या. घड्याळ पाहून त्यांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला, हात जोडून पच्चक्खाण घेतले आणि नातवाला विचारले, "इथून ठाणे दिसेल का?"

ओळीच्या नऊ दिवसांत दरवर्षी त्या श्रीपाल राजाचा रास ऐकतात. धवल शेठने श्रीपालला भर समुद्रात लोटले आणि तो कोकणच्या किनाऱ्यावर, ठाणे नगरीला लागला. टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रत स्वामींच्या देरासरात त्या कितीदा गेल्या असतील. ठाणे मागे राहिले, जहाज दक्षिणेला जाणार, असे नातवाने सांगितले. त्या तरीही उत्तरेकडे तोंड करून बसल्या, आणि नातसुनेने शेजारी खुर्ची ओढल्यावर तिला श्रीपालाची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागल्या.