जंगल जळतंय... निघायचं का?

'इव्हॅक्युएट' या शब्दाला मराठीत काय म्हणायचं? मी बराच वेळ डोकं खाजवलं. स्थलांतर म्हणावं तर ते पक्षी करतात, नाहीतर दुष्काळात माणसं. विस्थापन धरणामुळे होतं. 'सुरक्षित स्थळी हलवणे' हे पेपरातलं मराठी, आणि त्यात कोणीतरी दुसरंच येऊन आपल्याला हलवतं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीचे व्हिडिओ हॉस्टेलमध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते, तेव्हा हा शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडायचा. लाखाहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलं होतं. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्या तिथेच सोडून माणसं पळत होती. माझी रूममेट मुंबईची. तिने विचारलं, "तुमच्या गोंदियात पण जंगल आहे ना गं? आग लागली की तुम्ही काय करता?"

मी म्हणाले, "काही नाही, बघत बसतो." ती हसली. पण ते उत्तर अगदीच खोटं नव्हतं. त्या उत्तराचा उरलेला भाग इथे लिहिते आहे.

तर मित्रमैत्रिणींनो, आमच्याकडचा वणवा हॉलिवूडसारखा झाडांच्या शेंड्यांवरून धावत येत नाही. तो जमिनीवरून येतो. साग, ऐन, धावडा, तेंदू ही सगळी पानं गाळणारी झाडं. मार्चमध्ये रानात पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो, इतका पाचोळा असतो. आग त्या पाचोळ्यावरून सरकते, गुडघ्याएवढी, कधी कंबरेएवढी. मोठी झाडं बहुतेक वाचतात. बांबूच्या बेटात शिरली तर मात्र पेरं फटाक्यांसारखी फुटतात. रात्री दुरून बघितलं तर डोंगराला कोणी लाल माळ घातल्यासारखं दिसतं. लहानपणी मला ते चक्क सुंदर वाटायचं!

वनखात्याच्या हिशेबाने १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. आग बहुतेक वेळा आपोआप लागत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही जाळतात. कधी कोणाची विडी. पेपरात लगेच येतं, 'मोह वेचणाऱ्यांमुळे जंगल खाक'. ते खरंही असतं, पण मला ते वाचून राग येतो. एप्रिल महिन्यात, धानाचे पैसे संपलेले असताना, ज्या घरात मोहाशिवाय रोख पैसा येत नाही त्या घराला नुसतं 'जाळू नका' सांगून भागत नाही. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करतात. ते जास्त पटतं. असो.

माझं आजोळ सडक अर्जुनी तालुक्यात, जंगलाला लागून. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये मी तिथे होते, कारण कोरोनाची दुसरी लाट आली होती आणि गोंदियाला घरी बाबा पॉझिटिव्ह निघाले होते. आई त्यांचं बघत होती आणि मला आजोळी पाठवून दिलं होतं. मी दहावीत होते. शाळा बंद, परीक्षा होणार की नाही ते माहीत नाही, मोबाईलला रेंज फक्त आंब्याच्या झाडाखाली.

८ एप्रिलला, गुरुवारी, नागझिऱ्याची बातमी आली. नागझिरा म्हणजे आमच्या जिल्ह्याची शान. व्यंकटेश माडगूळकरांनी त्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. १९७० पासून ते अभयारण्य आहे आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्या दिवशी तिथे लागलेली आग विझवायला माणसं गेली होती. आग आटोक्यात आल्यासारखी वाटली, मग जोराचा वारा सुटला आणि ती पुन्हा भडकली. तीन वनमजूर गेले. दोघं गंभीर भाजले. मजूर म्हणजे अंगात रोजचा शर्ट आणि हातात झाडाची फांदी, फार तर पाठीवर पाचोळा उडवायचा ब्लोअर. गावात ही बातमी कळली तेव्हा आजीने चूल विझवली आणि बराच वेळ पुन्हा पेटवली नाही. ती काही बोलली नाही.

१२ तारखेला आमची परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. १३ ला गुढीपाडवा. त्याच दिवशी संध्याकाळी सरकारने सांगितलं की उद्या रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी. आणि अंधार पडल्यावर मामाने अंगणातून हाक मारली, "इकडे या, बघा." आमच्या मागच्या डोंगरावर ती माळ होती. पाडव्याची रात्र म्हणजे नुकतीच अमावस्या होऊन गेलेली, चंद्र नाही, त्यामुळे ती जास्तच लाल दिसत होती. या वेळी मला सुंदर वाटलं नाही.

गाव आणि डोंगर यांच्यामध्ये धानाच्या बांध्या आहेत. त्यातल्या तलावाच्या पाण्यावरच्या बांध्यांत उन्हाळी धान उभा होता, हिरवागार. तिकडून आग येणं शक्यच नव्हतं. पण पश्चिमेकडे शेतं नाहीत. तिकडे जंगल एका पांदणीपर्यंत येतं आणि पांदणीच्या अलीकडे लोकांच्या तणसाचे ढीग असतात. तणसाला एक ठिणगी लागली की पुढे कवेलूची घरं, आणि कवेलूखाली सगळं लाकूड आणि बांबू. आमचं घर तिकडून तिसरं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर वर्षी फायर ड्रिल व्हायची. लांब घंटा, दोन रांगा, धावायचं नाही, बोलायचं नाही, ग्राउंडवर जमायचं, सिस्टर हजेरी घेणार. शिवाय इंग्रजीच्या पेपरला 'अ हाउस ऑन फायर' हा निबंध पाठच! त्यात फायर ब्रिगेड वेळेवर येते आणि शेवटच्या पॅराग्राफमध्ये सगळे वाचतात. त्या अंगणात उभी राहून मी मनातल्या मनात घंटा वाजायची वाट बघत होते. म्हणजे कोणीतरी सांगेल, तलाठी, सरपंच, फॉरेस्टवाले, कोणीतरी. घंटा काही वाजली नाही. आमच्याकडे ती नसतेच. जायचं की थांबायचं हे प्रत्येक घर आपापल्या अंगणात ठरवतं.

मी आईला फोन लावला (आंब्याखाली जाऊन). तिचं म्हणणं, कोणाचीतरी गाडी करून आजीला घेऊन आत्ताच निघ, उद्यापासून निघता येणार नाही. मग तीच थांबली. निघून येणार कुठे? गोंदियाच्या घरात बाबा खोलीत बंद होते. आजी सत्तरीची आणि तिला दमा. धुराने तिचा जीव कासावीस होत होता, आणि शहरातल्या त्या आजारापुढे तर तिचं काय झालं असतं कोणास ठाऊक. त्या दिवसांत बेड मिळत नव्हते, ऑक्सिजन मिळत नव्हता, हे सगळ्यांना आठवत असेल. मावशीच्या गावी गेलो असतो, पण बाहेरून आलेल्यांना घेऊ नका असं तिथे ठरलं होतं. गावातलीच झेडपी शाळा चांगली स्लॅबची, पटांगण मोठं, पण तिथे विलगीकरण कक्ष केला होता आणि आत चार जण होते. म्हणजे आगीपासून लपायची गावातली सगळ्यात चांगली जागा कोरोनाने आधीच घेऊन टाकली होती.

आणि घरात त्याच वेळी दुसरं भांडण चालू होतं. मामा गावातल्या पोरांबरोबर पांदणीकडे निघाला होता. तो वनव्यवस्थापन समितीत होता, पण समिती नसती तरी गेला असता. मामी दारात उभी. "नागझिऱ्यात का झालं, पाच दिवसात विसरले का तुमी?"

मामा चप्पल काढून बूट घालत म्हणाला, "ते पगारावर होते तरी गेले. आमी त गावचेच आहो."

मला तेव्हा कळलं की आम्ही घरात दोन वेगळ्या गोष्टी ठरवत होतो आणि दोन्हीला 'जायचं का' असंच म्हणत होतो. आम्ही आगीपासून लांब जायचं का, आणि मामाने आगीकडे जायचं का. आम्ही पहिलं करू शकत नव्हतो म्हणून मामाला दुसरं करावं लागत होतं, असं मला वाटलं. मामी त्याला अडवू शकली नाही. तिने त्याच्या हातात ओला टॉवेल दिला, रागातच.

नंतर मी या विषयावर बरंच वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लोकांना शिकवलेलं होतं की एकतर पूर्ण तयारीने थांबून घर वाचवा, नाहीतर लवकर निघा. सगळ्यात वाईट म्हणजे उशिरा निघणं. मग ७ फेब्रुवारी २००९ ला, ज्याला ते ब्लॅक सॅटर्डे म्हणतात, एका दिवसाच्या आगीत १७३ माणसं गेली. कित्येक जण घरातच होती. त्यानंतर तिथे 'लवकर निघा' हे आधी सांगू लागले. वाचायला सोपं आहे. पण 'लवकर' म्हणजे कधी? आग दिसल्यावर की वारा फिरल्यावर? आणि लवकर निघायला पोचायची जागा लागते, गाडी लागते. गोठ्यातल्या दोन बैल, एक गाय आणि वासराचं काय करायचं, हे त्या माहितीपत्रकात नसतं.

एक गोष्ट आमच्या बाजूने होती. आग चढावर झपाट्याने चढते, कारण ज्वाळा वर झुकते आणि वरचा पाचोळा आधीच तापून तयार होतो. उतारावरून ती हळू उतरते. आमची आग डोंगरावरून खाली येत होती. हे मला सेकंड इयरला नीट समजलं. मामाला ते हीट ट्रान्सफरचं पुस्तक न उघडता माहीत होतं. त्याने डोंगराकडे बघून सांगितलं होतं, "मध्यरात्रीच्या आधी येत नाही. वारा फिरला नाही त."

त्या 'नाही त' वर सगळं अडलं होतं.

शेवटी निर्णय घेतला आजीने. ती खाटेवरून उठली आणि म्हणाली, "शहरात रोग, रानात आग. मधात आपला तलाव आहे ना!" आमच्या गावाचा तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. त्याची पाळ उंच, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ओल्या बांध्या. जळण्यासारखं तिथे काहीच नाही. आणि धूर आला तरी पाण्यावरच्या वाऱ्याने विरळ होतो. घरापासून अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. आमचं इव्हॅक्युएशन तेवढंच!

सामान बांधायला दहा मिनिटं लागली. मामीने आधार कार्ड, रेशन कार्ड आणि सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. मी चार्जर घेतला आणि का कोण जाणे, भूगोलाचं पुस्तक. आजीने पंप आणि पानाची चंची घेतली. दागिन्यांचं तिने नावही काढलं नाही, पण बिजाईचं धानाचं पोतं घरात ठेवायला तयार होईना. शेवटी शेजारच्या काकांनी ते सायकलवर टाकून आणलं. गुरांची दावी सोडली. ती आपली आपण पाळीकडे चालू लागली, जणू त्यांना कोणी आधीच सांगितलं होतं.

आमचं बघून आणखी सात-आठ घरांतली म्हातारी माणसं आणि पोरं आली. मास्क लावून, अंतर ठेवून खाटा टाकल्या. बायका मात्र परत गेल्या आणि गुंडांनी पाणी वाहून तणसाचे ढीग भिजवत राहिल्या. मी पण चार-पाच खेपा केल्या, मग आजीचा श्वास लागला म्हणून तिच्याजवळ बसले. तिची पाठ चोळत मी पश्चिमेकडे बघत होते. तिकडे माणसांनी पांदणीच्या कडेचा पाचोळा ओढून पट्टा मोकळा केला आणि तिथूनच समोर उलटी आग लावली. वनखातं जाळरेषा काढतं ती हंगामाच्या आधी. ही आयत्या वेळची. आग आगीला भेटली की मध्ये जाळायला काही उरत नाही, हे ऐकायला छान वाटतं. पण पाळीवरून बघताना मला दोन्ही आगी सारख्याच दिसत होत्या, आणि त्यातली मामाची कोणती ते कळत नव्हतं. साडेअकराच्या सुमारास वारा एकदा आमच्याकडे वळला. राखेची पानं उडत येऊन पाण्यात पडली. पाळीवर कोणी बोलत नव्हतं. मला नागझिऱ्याच्या त्या तिघांची आठवण येत होती. त्यांच्या घरीही कोणी असंच बसलं असेल का...

वारा पडला. का पडला ते सांगता येणार नाही. तीनच्या सुमारास पांदणीपाशी नुसते ठिपके उरले. फॉरेस्टची माणसं दुसऱ्या बाजूने आग विझवत आली होती, तीही रात्रभर जंगलातच होती.

मामा उजाडताना आला. भुवया नव्हत्या. चहा मागितला. मामीने चहा दिला पण संध्याकाळपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. अंगणात वाळत घातलेल्या मोहाला धुराचा वास लागला होता. व्यापाऱ्याने त्या वर्षी त्याचा भाव पाडला. आग कोणी लावली ते गावात कोणीच विचारलं नाही. बाबा पंधरा दिवसांनी बरे झाले आणि मे संपता संपता मी घरी गेले.

भारतीय वन सर्वेक्षणाची आगीची सूचना देणारी सोय आहे. उपग्रहाला जमिनीवर उष्ण ठिपका दिसला की मोबाईलवर मेसेज येतो. कोणालाही आपला भाग निवडून नोंदणी करता येते. मी गेल्या वर्षी केली. फेब्रुवारीपासून मेसेज सुरू होतात. एकदा इंटर्नल परीक्षेच्या आदल्या रात्री आला, अक्षांश-रेखांश नकाशावर टाकून बघितले तर आजोळापासून चार किलोमीटर. मी लगेच मामाला फोन केला आणि तीन हजार फूट, बाराशे फूट असं काहीतरी उपग्रहाच्या अचूकतेबद्दल सांगायला लागले.

"मले अंगणातून दिसून रायली," मामा म्हणाला. "आजी पाळीवर गेली. तू अभ्यास कर."