भोंग्याचं शहर

जुळे सोलापूर, रविवार रात्र.

आज पाण्याचा दिवस. नळाची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात रेडिओवर १९५६च्या ‘सीआयडी’तलं मुंबईचं गाणं लागलं. रफी आणि गीता दत्त गायला लागले की त्या शहराची लबाडीसुद्धा गोड वाटते. मुंबईचं नशीबच तसं! पठ्ठे बापूरावांनी तिचा थाट लावणीत मांडला. अण्णाभाऊ साठ्यांनी पुढे आपली ‘मुंबईची लावणी’ रचून त्या थाटाखाली दबलेला कष्टकरी दाखवला. मला ही दुसरीच खरी वाटते. गिरणीच्या शहरात वाढल्याचा परिणाम, दुसरं काय!

आणि आमचं सोलापूर? शाहीर राम जोशी इथले, कवी संजीव इथले, अमर शेख जिल्ह्यातल्या बार्शीचे. पण सोलापूरवरचं गाणं म्हण म्हटलं तर मला एकही आठवत नाही. बाहेर नाव निघतं ते चादरीचं, नाहीतर शेंगाचटणीचं. चटणीला चाल कोण लावणार!

लहानपणी आमचं शहरगीत म्हणजे गिरणीचा भोंगा. त्यावर घड्याळं लागायची. तोही गेला. आता जानेवारीत नंदीध्वज निघाले की सिद्धेश्वराच्या जयघोषात अख्खं गाव एका सुरात येतं, तेवढंच.

पाणी आलं वाटतं. पावणेदोन.