रोवलेला बांबू

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा चढली की पंचगंगेचं पाणी मागे फुगतं आणि घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात. माणसं पाणी देवळात शिरण्याची, दक्षिणद्वाराच्या पर्वणीची वाट बघत असायची, तेव्हा तात्यांची नजर पाण्यावर असायची. ते औरवाडच्या तरीवर नाव चालवायचे. वडील गेल्यावर माझी फी त्यांनीच भरली. ते पैसे मी पुढे फेडले. दुसरं देणं तसंच राहिलं.

मी दहा वर्षांचा होतो. भरलेली नाव काठाला येताना बुडालेल्या ओट्याला घासली, कलली आणि सावरली. उतारूंना कळलंही नाही. तात्या मात्र तडक बाकीच्या नावाड्यांकडे गेले. "माझं चुकलं. ओट्यावर पाणी आलंय ते मला दिसलं न्हाई. तुम्ही अलीकडनंच वळवा." कुणी हसलं नाही, की बोल लावला नाही. दुपारपर्यंत तिथे बांबू रोवून लाल फडकं बांधलेलं होतं.

पुढे मी विमानदुरुस्तीत लागलो. एका रात्रपाळीत हत्यारं मोजली तर टॉर्च कमी. विमान सुटायला तासभर होता. सांगितलं तर नोकरी जाईल या भीतीने घशाला कोरड पडली, तरी सांगितलं. टॉर्च चाकाच्या कप्प्यात सापडली.

नंतर सुरक्षा विभागात आलो. उतरताना वेग जास्त होता का, चाकं आपटली का, हे उड्डाणाच्या नोंदींतून कळतं. वैमानिकाचा थकवा किंवा चुकीचा ऐकलेला आकडा मात्र माणसानेच सांगावा लागतो. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान उतरण्याच्या परवानगीबद्दलच्या गैरसमजातून डोंगरावर आदळून ९२ जण गेले. सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे वैमानिक तिथेच, तशाच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. त्यांनी ते आपल्या कंपनीत सांगितलं, पण टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलं नाही. त्यानंतर, १९७६ मध्ये, अशा चुका नाव गुप्त ठेवून नासाकडे कळवायची सोय झाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखा तो ओटा दिसत होता.

शेवटच्या भेटीत तात्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि सांगणाऱ्यावर कुणी वरडत न्हाई न्हवं?"

"नाही, तात्या," मी म्हटलं.

परत आल्यावर टेबलावरच्या पहिल्या अहवालातलं नाव मी स्वतःच्या हाताने खोडलं आणि तो सगळ्यांना वाचायला पाठवला.