मेंदीचे कुंपण

कुंपण म्हटले की आताशा तारच डोळ्यांपुढे येते. आम्हांस मात्र हिरव्या कुंपणाची ओढ बालपणापासूनची. आजोळच्या वाड्यामागे मेंदीची गर्द रांग होती. नागपंचमी आली की आळीतल्या साऱ्या लेकीबाळी तेथून पाला खुडून नेत. म्हणून इंदूरजवळच्या ज्या सरकारी शाळेत आम्ही मुख्याध्यापक आहोत, तिच्या दर्शनी बाजूस चार वर्षांपूर्वी मेंदी लावण्याचे आम्ही ठरविले.

लांबी १२० फूट, दोन ओळी, फुटाफुटावर रोप. म्हणजे २४० रोपे. जुलैच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर प्रत्येक मुलास रोपे वाटून दिली आणि, वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध कधी आलेला नसताही, हुकूम सोडला : रोपामागे रोज एक तांब्या पाणी! मुलांनी हुकूम पाळला, पावसातही पाळला. पाने पिवळी पडू लागली, तेव्हा रोपे तहानली असे समजून दोन-दोन तांबे ओतले. दिवाळीपर्यंत निम्म्याहून अधिक रोपे गेली. पाचवीतला एक मुलगा सुकल्या काडीपाशी उभा राहून म्हणाला, "मास्साब, मैंने तो रोज पानी दिया था." आम्ही निरुत्तर झालो.

उत्तर एका वृद्ध माळ्याने दिले. त्याने एक रोप उपटून मुळे आमच्यापुढे धरली. ती काळी पडून कुजली होती. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात. पाने तहानेने पिवळी पडतात, तशी अतिपाण्यानेही पडतात. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही मुलांना सांगितले, "रोपे तुमच्या हयगयीने मेली नाहीत, आमच्या हुकमाने मेली." तीस वर्षांच्या नोकरीत इतके अवघड वाक्य आम्ही उच्चारले नव्हते.

पुढल्या पावसाळ्यात नांग्या भरल्या. या वेळी दीड फूट खोल चर खणून मातीत मुरूम व चांगले कुजलेले शेणखत मिसळले आणि वीतभर उंच वरंब्यावर रोपे लावली. नियम एकच ठेवला : आधी बोट मातीत दोन पेरे घालावे, ओल लागली तर तांब्या रिकामा न करता परतावे. पाऊस सरल्यावर पाच-सहा दिवसांनी एकदाच, पण मुरेपर्यंत पाणी दिले. रोज शिंपडल्याने मुळे वरच्यावरच राहतात. दोन्ही बाजूंचे फूटभर गवत काढले, निंबाचा पाचोळा बुंध्यापासून चार बोटे दूर पसरला. रोपांचा पहिला उन्हाळा नेमका शाळेच्या सुट्टीत येतो. मे महिन्यात गावातली मुले पाळीपाळीने संध्याकाळी येत.

खरी परीक्षा पुढेच होती. रोपे दीड फुटांची झाल्यावर माळी म्हणाला, निम्मी छाटा. शेंड्याचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो खुडला की बुडाशी फुटवे येतात, एरवी कुंपण खाली विरळच राहते. पण जगवलेल्या रोपास कात्री लावायला मुले धजेनात. मग पहिले रोप आम्हीच छाटले. खरे सांगावयाचे तर आमचाही हात कापला. पंधरा-वीस दिवसांत त्याच काडीवर कोवळे फुटवे दिसले, तेव्हा कात्रीसाठी मुलांचे भांडण जुंपले. वीतभर वाढ झाली की पुन्हा छाटणी. बूड रुंद, माथा अरुंद, म्हणजे ऊन खालवर पोहोचते.

आज कुंपण कमरेइतके झाले आहे. तो पाचवीतला मुलगा यंदा आठवी होऊन शाळेतून गेला. जाण्यापूर्वी एकदा तो तांब्या घेऊन आलेल्या एका लहानग्याचा हात धरून त्याचे बोट मातीत घालताना दिसला. आम्ही खिडकीतूनच पाहिले. बाहेर गेलो नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणी या पावसाळ्यात कुंपण लावणार असेल, तर तांब्या उचलण्यापूर्वी त्यानेही मातीस विचारावे.