टॅग उतरतो, पण फील्डचं काय?

“आयबीएमच्या एएस/४००वर बफर ओव्हरफ्लोचा हल्ला चालतो का?” टीममध्ये नव्याने आलेली मुलं हे हमखास विचारतात. त्यांनी मॉरिस वर्मबद्दल वाचलेलं असतं. नोव्हेंबर १९८८मध्ये त्याने युनिक्सच्या फिंगर सेवेत ५१२ बाइटांच्या बफरमध्ये जास्तीचा मजकूर कोंबला आणि फंक्शन संपल्यावर परतायचा पत्ताच बदलून टाकला. एएस/४०० जाहीर झालं तेही त्याच वर्षी, जूनमध्ये.

पण इथल्या आरपीजी भाषेतला पॉइंटर १६ बाइटांचा असतो. त्याच्यासोबतचा टॅग बिट हार्डवेअर सांभाळतं, प्रोग्रामला त्याला हात लावता येत नाही. पॉइंटरवर साधी अक्षरं लिहिली गेली की टॅग उतरतो. मग तो पॉइंटर वापरायला जावं, तर एमसीएच३६०१ ही एरर येऊन गाडी तिथेच थांबते. शिवाय डेटा हा डेटाच राहतो, त्याला प्रोग्राम म्हणून चालवता येत नाही. फ्रँक सॉल्टिस आणि आयबीएमच्या रॉचेस्टरमधल्या मंडळींची ही रचना १९७८च्या सिस्टिम/३८पासूनची आहे. मला ती आजही थक्क करते. बाहेरचा कोड घुसवून मशीन ताब्यात घेणं इथे जवळपास अशक्य आहे. (‘पेस’ या वेगळ्या वातावरणात चालणाऱ्या एआयएक्स प्रोग्रामांची गोष्ट वेगळी, तिथले पॉइंटर साधे असतात.)

पण तेवढ्यावर विषय मिटवला, की मला राग येतो.

आमच्याकडे पॅरामीटर सहसा पत्त्याने जातात. कॉल करणाऱ्याने १० अक्षरांचं फील्ड दिलं आणि बोलावलेल्या प्रोग्रामात ते ३०चं लिहिलेलं असलं, तर तो खुशाल ३० अक्षरं लिहितो. वरची २० शेजारच्या फील्डांवर पडतात. तिथे पॉइंटर नसेल तर टॅगचा प्रश्नच येत नाही, आणि जागाही आपल्याच जॉबची असते. शेजारी पॅक्ड रक्कम असली आणि तिच्यावर स्पेस पडले, तर नशीब म्हणायचं: हेक्स ४० तिथे चालत नाही, पुढे भलत्याच ओळीवर का होईना, डेसिमल डेटा एरर येऊन जॉब थांबतो. पण शेजारी मंजुरीचा फ्लॅग असला तर? ‘एन’चा ‘वाय’ होतो आणि जॉब लॉगमध्ये अक्षरही उमटत नाही. ती अक्षरं वेबच्या फॉर्मवरून कुणी हेतूने भरलेली असली, तर हा हल्लाच झाला. त्याला कोड घुसवावाही लागला नाही.

प्रोटोटाइप एकाच कॉपी मेंबरमध्ये ठेवून दोन्ही प्रोग्रामांत घेतला, की कंपायलर लांबी तपासतो. पीलिस्ट, म्हणजे पॅरामीटरांची नुसती यादी देणाऱ्या जुन्या कॉलना ती सोय नाही. तिथे मी दोन्ही सोर्स शेजारी शेजारी उघडतो, एकेक पॅरामीटर जुळवतो, आणि त्याशिवाय कुणाचाही बदल प्रॉडक्शनला जाऊ देत नाही.