दाराची कडी

आमच्या घरीं ग्रंथांचें कपाट नाहीं. एक फळी आहे, आणि तिच्यावर बहुधा पाठ्यपुस्तकेंच असतात. कथा-कादंबऱ्या येतात त्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयांतून. १८४० सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेचे आमच्यावर पुष्कळ उपकार आहेत. गेल्या हिंवाळ्यांत तेथूनच आम्हीं नारायण धारपांची ‘लुचाई’ घरीं आणिली.

धारप (१९२५–२००८) हे मराठींतील भयकथांचे मोठे लेखक. २०१८ सालच्या ‘तुंबाड’ ह्या चित्रपटामागें त्यांच्याच एका कथेची प्रेरणा आहे. त्यांच्या ‘समर्थ’ कथा आम्हीं पूर्वीं वाचल्या होत्या. त्या वाचतांना भय वाटे खरें, पण तें पांघरुणांत बसून ऐकलेल्या पावसासारखें. कारण समर्थ येणार, हें वाचकास आधींच ठाऊक असतें. ज्या नायकास पुढच्या पुस्तकांत यावयाचें आहे, तो ह्या पुस्तकांत मरावा कसा? ‘लुचाई’ मात्र एकटी कादंबरी आहे. तिला मागेंपुढें भाऊबंद नाहींत. येथें कोणी वांचेल अशी हमी लेखकानें दिलेली नाहीं, आणि हें आमच्या ध्यानांत आलें तेव्हां रात्रीचे दहा वाजून गेले होते.

ह्या कादंबरीचें बीज परकीय आहे. स्टीफन किंग ह्या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’वरून धारपांनीं ती रचिली. ह्यास उसनवारी म्हणून कोणी नाक मुरडील. आमचें मत निराळें आहे. रक्त पिणारें पिशाच्च तिकडच्या लोकांचें असेल. मुंजा, हडळ, वेताळ असा आपला गोतावळा काय थोडा आहे? पण मूळ कथेंतील खरें भय पिशाच्चाच्या दांतांत नाहीं, शेजाऱ्याच्या हांकेंत आहे. गांव एका रात्रींत बुडत नाहीं. आज एक घर, उद्यां दुसरें. काल ज्यानें रामराम केला, तोच आज ओळखीच्या आवाजानें बोलावतो, आणि तो आतां तो राहिलेला नसतो. एवढें भय मराठी मुलखांत आणावयास फार सामान वाहावें लागत नाहीं. आमचें अंबड तर अर्धें गांव आणि अर्धी औद्योगिक वसाहत. कारखान्यांच्या दिव्यांनीं रात्र उजळलेली असते, परगांवचीं बिऱ्हाडें येतात आणि जातात, आणि शेजारच्या खोलींत सध्यां कोण राहतें हें कित्येकदां आम्हांसही सांगतां येत नाहीं.

त्या आठवड्यांत वडील दुसऱ्या पाळीस होते. ते बारानंतर येत. आई आणि धाकटी बहीण निजल्या होत्या. पाश्चात्य पिशाच्चांविषयीं एक जुना संकेत आहे: घरच्या माणसानें ‘या’ म्हटल्यावांचून त्यांस उंबरठा ओलांडतां येत नाहीं. किंगनें त्याचा चांगलाच उपयोग केला आहे, आणि आमच्या एका वर्गबंधूनें ही माहिती न विचारतां आम्हांस पुरविली होती. दारावर थाप पडली तेव्हां नेमकें तेवढेंच आठवलें.

“दार उघड रे.”

आवाज वडिलांचाच होता. तेंच तर भयंकर! कडीवर हात ठेवून आम्ही तसेच उभे राहिलों.

“कोण?”

“अरे, मी.”

“मी म्हणजे कोण?”

बाहेर क्षणभर कांहींच ऐकूं येईना. मग सारें धैर्य एकवटून आम्हीं विचारिलें, “आज डब्यांत भाजी कोणती होती?”

“मेथी,” बाहेरून थकलेलें उत्तर आलें. “आणि खारट होती. पण आईला सांगूं नकोस.”

आम्हीं कडी काढिली. कानांवर मफलर, हातांत रिकामा डबा, बोटें थंडीनें आखडलेलीं. आठ तास यंत्रापुढें उभें राहून आलेल्या माणसास आम्हीं त्याच्याच दारांत उभें ठेविलें होतें. लाजेनें मान वर होईना. वडिलांनीं सतरंजीवर उपडें पडलेलें पुस्तक पाहिलें, दुरूनच त्याचें नांव वाचलें, आणि उंबरठ्याबाहेर उभे राहूनच म्हणाले, “मग, येऊं का आंत?”

“या,” आम्ही म्हणालों.

हातपाय धुऊन ते पुस्तक चाळीत बसले. “गांव वांचलें का शेवटीं?” त्यांनीं विचारिलें. अजून साठ-सत्तर पानें उरलीं आहेत, असें आम्हीं सांगितलें. “उद्यां दिवसा वाच,” एवढेंच ते बोलले आणि दिवा मालवला.

दुसऱ्या रात्रीं बारा वाजून गेल्यावर, दारावर थाप पडण्याच्या आधींच, बाहेरून हांक आली, “आज वांगीं!”