लिस्बनची दैनंदिनी : फाटकावरची माणसं

(भाग तिसरा)

१ ऑगस्ट २०२३, मंगळवार
यात्रेकरूंच्या मुक्कामाची आमची शाळा दुपारपर्यंत भरली. पोलिश, ब्राझिलियन, लेबनीज, सगळे आपापल्या झेंड्यांसह. वर्गांतली बाकं कालच हलवली होती, तिथे आता चटया पसरल्यात. संध्याकाळी एदुआर्दो सातवा उद्यानात कार्डिनल मानुएल क्लेमेंत यांनी जागतिक युवा दिनाची पहिली मिस्सा अर्पण केली. आम्ही स्वयंसेवकांनी ती न्हाणीघरापुढची रांग सांभाळत मोबाइलवर पाहिली.

२ ऑगस्ट, बुधवार
युवा दिनासाठी इथे धर्मग्रामांनी आपापल्या आयोजन समित्या नेमल्यात. आम्ही काम करतोय त्या धर्मग्रामाची समिती कॉलेजातल्या मुलांची आहे, प्रमुख नर्सिंगची एक विद्यार्थिनी. कोणता गट कुठल्या वर्गात, मासे कोणाला चालत नाहीत, रात्री फाटकावर कोण, सगळं तिच्या वहीत. फादर सकाळी येऊन तिलाच विचारतात, “आज माझ्याकडे काय काम?” आज तिने त्यांना पाण्याचे खोके उतरवायला लावले, आणि ते बाह्या सरसावून लागले.

२०१९ साली पनामात लिस्बनचं नाव जाहीर झालं तेव्हा ती शाळेत होती. २०२२ मध्ये ठरलेला हा सोहळा कोविडमुळे वर्षभर पुढे गेला. तेवढ्या काळात ही मुलं दारोदार फिरली : यात्रेकरूंना एखादी खोली द्याल का? वर्षानुवर्षं चर्चची पायरी न चढलेल्या काही घरांनीही हो म्हटलं. मुलांनी मागितलं म्हणून दारं उघडली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिकडे माझ्या वसईतही आमची मुलं नाताळचा गोठा उभारतात, सणाला मंडप सजवतात, खुर्च्या मांडतात, अगदी जीव ओतून. पण हॉलची चावी आणि खर्चाची वही मोठ्यांकडेच राहते. पंचविशी ओलांडली की मुलं येईनाशी होतात आणि आम्ही मोबाइलला दोष देतो. मला हे पटत नाही. ज्याच्यावर कधी काही सोपवलंच नाही, तो कशासाठी थांबेल?

३ ऑगस्ट, गुरुवार
पोप फ्रान्सिस आज यात्रेकरूंना भेटले. चर्चमध्ये सर्वांना जागा आहे, हे सांगताना त्यांनी “तोदोस, तोदोस, तोदोस” (सगळे, सगळे, सगळे) म्हटलं आणि समोरच्या तरुणांकडूनही म्हणवून घेतलं.

रात्री फाटकावर माझ्या जोडीला इथले एक निवृत्त बसचालक होते. मी त्यांना काका म्हणते, त्यांनाही ते आवडतं. झोप लागत नाही म्हणून पोलिश गटातला एक मुलगा खाली आला. मित्रांनी ओढून आणलं, देवावर माझा विश्वास उरलेला नाही, असं त्याने सरळ सांगितलं. काकांना इंग्रजी येत नाही. फोनवर भाषांतर करून दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला : वरच्या मजल्यावरचे दिवे मालव, मागचं दार लावून ये. मुलगा काम करून परतला आणि पहाटेपर्यंत आमच्याजवळ बसून राहिला. गावी विचारलेले प्रश्न कसे टाळले गेले, ते तो सांगत होता. आम्ही ऐकत होतो.

तरुणांमधली सेवा म्हणजे शिबिरं, व्याख्यानं, गाणी, तीही हवीत. पण असं जागं राहणारं माणूस फाटकावर नसेल, तर त्यांचा फार उपयोग होत नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार
बेलेंच्या वास्को द गामा उद्यानात पापनिवेदनासाठी १५० कक्ष उभे आहेत, पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवलेले. सकाळी पोपमहोदयांनीही इथे तिघांचं पापनिवेदन ऐकलं. पोलिश मुलगा बाहेर बाकावर बसला. आम्ही त्याला आत जा म्हटलं नाही.

तेजू नदीच्या याच काठावरून जहाजं हिंदुस्थानाकडे निघत. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. श्रद्धा आमच्याकडे सत्तेच्या सोबतीने आली. तिथली मी, इथल्या मुलांसाठी पाण्याच्या बाटल्या वाटत उभी होते. मनावर कसलंच ओझं नव्हतं, होता तो आनंद.

६ ऑगस्ट, रविवार
काल लिहायला सवडच झाली नाही. जागरणाची प्रार्थना तेजू नदीकाठच्या मैदानावर होती. हा परिसर एकेकाळी कचऱ्याचा डेपो होता. सुमारे १५ लाख माणसं. पवित्र साक्रामेंताची आराधना सुरू झाली आणि एवढा जनसागर गप्प झाला. तिथेच उघड्यावर झोपलो. सकाळी समारोपाची मिस्सा झाली आणि २०२७ चा युवा दिन सोलला होणार असल्याची घोषणा झाली.

दुपारी अल्जेसला पोपमहोदय स्वयंसेवकांना भेटणार होते. उद्या शाळा परत द्यायची, म्हणून सगळ्यांना जाता येणार नव्हतं. समितीप्रमुखाने वही उघडली आणि स्वयंपाकघरातल्या बायका, फादर आणि बसचालक काकांची नावं वाचली. मुलांनी झाडू घेतले. पोलिश मुलाचा गट रात्री निघणार होता, तोवर तो आमच्याबरोबर बाकं उचलत होता. वसईच्या आमच्या फादरांना मी आजच मेसेज केलाय : ऑगस्टच्या बैठकीत हॉलच्या चावीचा आणि युवा समितीच्या हिशेबवहीचा विषय घ्यायचा आहे, वेळ ठेवा.

(क्रमशः)